दवाखान्याचा खर्च कोण भरणार, हे भरती होण्याआधी कळले पाहिजे

प्रति,
मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या वृत्तपत्राच्या जिल्हा पानांवर आयुष्मान कार्ड वाटपाच्या शिबिरांच्या बातम्या वरचेवर येतात. किती कार्डे निघाली आणि ती कोणाच्या हस्ते वाटली, हे त्यांत असते. ते कार्ड घेऊन माणूस दवाखान्याच्या खिडकीशी उभा राहिला म्हणजे पुढे काय होते, कोणता खर्च शासन भरते, कोणता विमा कंपनी भरते आणि कोणता त्याला स्वतःलाच भरावा लागतो, हे मात्र बातमीत नसते आणि शिबिरातही कोणी सांगत नाही. मी दारव्हा तालुक्यातल्या एका गावात राहतो आणि जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालो आहे. कागद वाचून सांगणारा माणूस म्हणून आजारपणात लोक माझ्याकडे येतात, आणि बहुतेक जण येतात ते पैसे भरून झाल्यावर, कर्ज काढून झाल्यावर किंवा बैलजोडी विकून झाल्यावर. तोपर्यंत करण्यासारखे फारच थोडे उरलेले असते. म्हणून जे आधी सांगायला हवे ते आपल्या वाचकांपुढे सविस्तर मांडण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

आमच्याकडच्या कास्तकाराची विम्याशी खरी ओळख झाली ती पीक विम्यातून. २०२३ च्या खरिपापासून दोन वर्षे राज्यात एक रुपयात पीक विमा होता. २०२५ च्या खरिपात ती सवलत गेली. अर्ज भरायचा, नुकसान झाले की कळवायचे आणि खात्यात पैसे येतात का याची वाट पाहायची, अशी विम्याची कल्पना त्यातून लोकांच्या मनात पक्की झाली आहे. आरोग्याच्या योजनेत मात्र रुग्णाच्या खात्यात काहीच येत नाही. पैसे रुग्णालयाला जातात, तेही आधी मंजुरी घेतली असेल तरच. जो माणूस आधी स्वतः बिल भरतो आणि मग कार्ड दाखवून भरपाई मागतो, त्याला शासकीय योजनेतून सहसा काहीही परत मिळत नाही. एवढी एक गोष्ट गावोगाव पोहोचली तरी अनेक घरांचे कर्ज टळेल.

दुसरा गैरसमज बँकेच्या पासबुकामुळे होतो. वर्षाकाठी खात्यातून २० रुपये आणि ४३६ रुपये कापले गेलेले दिसतात, तेव्हा घरचे लोक निश्चिंत असतात की आपला विमा चालू आहे. यातले २० रुपये पंतप्रधान सुरक्षा विमा योजनेचे असतात आणि ती योजना अपघाती मृत्यू किंवा कायमचे अपंगत्व आल्यास २ लाख रुपयांपर्यंत देते; ४३६ रुपये जीवन ज्योती योजनेचे असतात आणि ती मृत्यूनंतर वारसाला २ लाख देते. दोन्ही योजना आपापल्या जागी चांगल्या आहेत, पण दवाखान्याच्या बिलाचा एक रुपयाही त्या भरत नाहीत. राज्याची गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनाही तशीच आहे. वीज पडून, साप चावून किंवा फवारणीतल्या विषबाधेने शेतकऱ्याचा मृत्यू झाला तर घरच्यांना २ लाख रुपये मिळतात, मात्र तोच शेतकरी पंधरा दिवस अतिदक्षता कक्षात राहून वाचला तर त्या पंधरा दिवसांच्या बिलाशी या योजनेचा संबंध नसतो. २०१७ साली आमच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने जे मृत्यू झाले ते साऱ्या देशाने पाहिले. आजही हंगामात तो धोका संपलेला नाही, आणि म्हणून हा फरक आमच्यासाठी महत्त्वाचा आहे.

आरोग्य विम्याचे मूळ तत्त्व समजायला विदर्भाच्या माणसाला लांब जावे लागत नाही. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयाने आणि तिथल्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेने, जी १९६९ साली सुरू झाली, चार दशकांपूर्वी आसपासच्या गावांत ज्वारीवर चालणारी आरोग्य विमा योजना उभी केली. डॉ. उल्हास जाजू यांचे नाव त्या कामाशी जोडलेले आहे. सुगीच्या वेळी प्रत्येक घराने आपल्या ऐपतीप्रमाणे ज्वारी द्यायची, ती गावाच्या नावे एकत्र जमा व्हायची, आणि त्या बदल्यात गावात आरोग्य सेवक आणि औषधे, तर गरज पडल्यास रुग्णालयात मोफत किंवा सवलतीत उपचार मिळायचे. ज्याच्या घरी त्या वर्षी कोणी आजारी पडले नाही त्याची ज्वारी शेजाऱ्याच्या उपचाराला लागली, आणि ते सगळ्यांना ठाऊक होते. मला या योजनेत सर्वांत मोलाचे वाटते ते हे की ज्वारी देणाऱ्याला ती कशासाठी जाते, कोणाला मिळते आणि आपल्याला काय मिळेल, हे सारे गावातच बसून कळत असे. आजच्या योजना रकमेने कितीतरी मोठ्या आहेत, पण घेणाऱ्याला समजण्याच्या बाबतीत त्या ज्वारीच्या योजनेच्या जवळपासही पोहोचलेल्या नाहीत.

आता आजच्या योजनेकडे येतो. २ जुलै २०१२ रोजी राज्यातल्या आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली. त्यात आमच्या विदर्भातले गडचिरोली आणि अमरावती होते. पुढच्या वर्षी ती राज्यभर गेली आणि २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळाले. पिवळ्या आणि केशरी शिधापत्रिकांखेरीज शेतकरी आत्महत्याग्रस्त चौदा जिल्ह्यांतल्या पांढऱ्या शिधापत्रिकेच्या शेतकऱ्यांनाही सातबाऱ्यावर तिचा लाभ होता, आणि त्या चौदांत अमरावती, अकोला, बुलढाणा, वाशीम, यवतमाळ आणि वर्धा हे सहा जिल्हे आमचे. केंद्राची आयुष्मान भारत योजना २३ सप्टेंबर २०१८ रोजी आली आणि नंतर दोन्ही योजना जोडल्या गेल्या. जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने पांढऱ्या शिधापत्रिकेसह राज्यातली सर्व कुटुंबे तिच्यात आली, दीड लाखाची मर्यादा ५ लाख झाली आणि उपचारांची यादी १,३५६ पर्यंत गेली. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येकाला, त्याचे उत्पन्न कितीही असो, वय वंदना कार्डावर वर्षाला ५ लाखांपर्यंतचे संरक्षण आहे. कागदावर पाहिले तर आमच्या गावात आज एकही घर या छत्राबाहेर नाही.

तरीही लोक कर्जबाजारी होतात, याचे कारण ५ लाख हा आकडा सगळ्यांना पाठ झाला आणि त्यामागच्या अटी कोणालाच सांगितल्या गेल्या नाहीत. ही ५ लाखांची मर्यादा माणशी नसून संपूर्ण कुटुंबासाठी आणि एका वर्षासाठी आहे. ती रक्कम कोणाच्या नावावर पडून नसते. प्रत्येक उपचारासाठी शासनाने एक दर ठरवला आहे, आणि रुग्णालयाचे नेहमीचे बिल कितीही होत असले तरी त्याला तेवढाच दर मिळतो. त्या दरात खाट, शुश्रूषा, डॉक्टरांचे शुल्क, शस्त्रक्रियागृह, तपासण्या, औषधे, शरीरात बसवायची साधने, रुग्णाचे जेवण आणि घरी परतण्याचे एक वेळचे एसटीचे भाडेसुद्धा धरलेले असते. मंजूर झालेल्या उपचारासाठी रुग्णाकडून वेगळे पैसे घेण्याची परवानगी रुग्णालयाला नाही. घरी सोडल्यानंतर दहा दिवसांपर्यंतची फेरतपासणी आणि औषधेही त्यातच येतात, आणि हे तर दहातल्या एकालाही माहीत नसते, असे मी अनुभवाने म्हणेन.

याहून अडचणीची गोष्ट ही की योजना प्रत्येक रुग्णालयात चालत नाही, आणि ज्या रुग्णालयात चालते तिथेही प्रत्येक आजाराला चालेलच असे नाही. रुग्णालयाला ठरावीक विशेषज्ञतांसाठी मान्यता असते. एखाद्या ठिकाणी हाडांच्या शस्त्रक्रिया योजनेत होतात पण हृदयाच्या होत नाहीत. काही उपचार फक्त शासकीय रुग्णालयांसाठी राखून ठेवलेले आहेत. दाराशी योजनेची पाटी पाहून आत गेलेल्या माणसाला हा भेद कसा कळावा? आमच्या शेजारच्या गावातल्या एका कास्तकाराच्या छातीत रात्री कळ आली. घरच्यांनी गाडी करून त्याला शहरातल्या एका मोठ्या खासगी रुग्णालयात नेले. तिथे योजनेची पाटी होती, पण हृदयविकारासाठी मान्यता नव्हती, आणि हे त्यांना अनामत रक्कम भरून, उपचार सुरू झाल्यानंतर, तिसऱ्या दिवशी समजले. त्या शहरातच दुसऱ्या एका रुग्णालयात तोच उपचार योजनेत होत होता. माणूस वाचला, याचा आनंद आहेच. पण त्या वर्षीचा सगळा कापूस आणि वर काही सावकाराचे कर्ज, एवढे त्या तीन दिवसांनी घेतले. तिथे पहिल्याच तासाला कोणी दोन वाक्ये सांगितली असती तर हे टळले असते.

ती दोन वाक्ये सांगण्यासाठीच शासनाने प्रत्येक संलग्न रुग्णालयात आरोग्यमित्र नेमलेला असतो. त्याचे काम शिधापत्रिका आणि आधार तपासून रुग्णाची नोंदणी करणे, मंजुरीचा प्रस्ताव पाठवायला मदत करणे आणि तक्रार ऐकणे, हे आहे. रुग्णाच्या नातेवाइकाने दवाखान्यात पाय ठेवल्यावर अनामत रकमेच्या खिडकीकडे जाण्याआधी आरोग्यमित्राला शोधावे, आमच्या माणसाचा हा आजार या रुग्णालयात योजनेत बसतो का, हा प्रश्न त्याला स्पष्ट विचारावा, आणि बसत नसेल तर कुठे बसतो हेही विचारावे. रुग्ण अत्यवस्थ असेल तर दूरध्वनीवरून मंजुरी घेऊन उपचार सुरू करण्याची सोय योजनेतच आहे. कागदपत्रे नंतर देता येतात. आरोग्यमित्र जागेवर नसेल किंवा पैसे मागितले जात असतील तर राज्य योजनेचा १५५३८८ आणि आयुष्मान भारतचा १४५५५ हे क्रमांक आहेत. पैसे द्यावेच लागले तर पावती घेतल्याशिवाय देऊ नयेत, कारण पावतीवाचून केलेली तक्रार टिकत नाही.

रुग्णालयांची बाजूही मला दिसते आणि ती सांगितली पाहिजे. ठरवून दिलेले दर कमी आहेत आणि देयके वेळेवर मिळत नाहीत, ही त्यांची जुनी तक्रार आहे. मध्यम आकाराच्या रुग्णालयाची मोठी रक्कम शासनाकडे अडकली तर योजनेचे रुग्ण टाळण्याकडे त्याचा कल होतो, आणि मग खाट रिकामी नाही, यंत्र बंद आहे, अशी उत्तरे मिळू लागतात. शासनाने दर आणि देयके यांचा प्रश्न सोडवलाच पाहिजे. पण त्या भांडणाचा भार ज्याला त्यातले काहीच माहीत नाही अशा रुग्णावर टाकणे मला कोणत्याही परिस्थितीत मान्य नाही.

यानंतरची बाब म्हणजे भरती न होता होणारा खर्च, आणि माझ्या मते गावाकडच्या घराला हळूहळू पोखरणारा खर्च हाच आहे. मधुमेह, रक्तदाब, दमा, सांधेदुखी, आमच्या भागात अनेक कुटुंबांत असलेला सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार, यांची दरमहाची औषधे आणि तपासण्या यांना शासकीय योजना पैसे देत नाही, कारण ती मुख्यतः भरती होऊन घ्यायच्या आणि डायलिसिस, केमोथेरपी यांसारख्या यादीतल्या उपचारांसाठी आहे. खासगी पॉलिसीही बहुधा देत नाही. केंद्र शासनाच्या राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार देशातल्या एकूण आरोग्य खर्चापैकी लोकांनी स्वतःच्या खिशातून केलेला खर्च २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता आणि २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांवर आला. ही घट खरी मानली तरी शंभरातले जवळजवळ चाळीस रुपये आजही घरातूनच जातात. यावरचा उपाय विम्यात नाही, सार्वजनिक दवाखान्यात आहे. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांपासून जिल्हा रुग्णालयांपर्यंत केसपेपर, तपासणी आणि उपचार निःशुल्क आहेत. वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये दुसऱ्या विभागाकडे असल्याने ती या निर्णयात नाहीत, म्हणून यवतमाळ किंवा नागपूरच्या महाविद्यालयात शुल्क मागितले तर गोंधळून जाऊ नये. सर्पदंशावरची प्रतिविषाची लस शासकीय रुग्णालयात मोफत मिळते. साप चावल्यावर खासगी दवाखाना शोधत फिरण्यात पैसाही जातो आणि मोलाचा वेळही. मात्र प्राथमिक केंद्रात रक्तदाबाची गोळी महिना महिना संपलेली असेल तर निःशुल्क या शब्दाला काही अर्थ उरत नाही, आणि या तुटवड्याविषयी आपल्या वृत्तपत्राने अधिक लिहावे, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

धर्मादाय रुग्णालयांबद्दलही फार थोड्यांना ठाऊक असते. सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेल्या आणि त्यापोटी सवलती घेणाऱ्या मोठ्या रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी निम्म्या दरात ठेवाव्या लागतात. मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने २००६ पासून ही योजना लागू आहे. त्यासाठी रुग्णालयाला आपल्या बिलांच्या २ टक्के रक्कम वेगळ्या निधीत ठेवावी लागते. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला किंवा शिधापत्रिका घेऊन रुग्णालयातल्या समाजसेवकाला भेटावे आणि खाट नाकारली तर जिल्ह्याच्या धर्मादाय आयुक्त कार्यालयात लेखी तक्रार करावी. जो आजार राज्याच्या योजनेत बसत नाही त्याच्यासाठी हा मार्ग विशेष उपयोगी आहे. तसेच रस्त्यावरच्या अपघातासाठी मे २०२५ पासून केंद्राची रोकडरहित, म्हणजे कॅशलेस, उपचारांची योजना आहे. तिच्यात अपघातापासून सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे उपचार मिळतात आणि त्यासाठी शिधापत्रिकेचा रंग पाहिला जात नाही.

आता खासगी विम्याविषयी. आमच्या गावांतही आता तो आला आहे. कोणाचा मुलगा पुण्यात कंपनीत असतो आणि त्याच्या गट विम्यात आईवडिलांची नावे असतात, कोणाला कर्ज देताना बँकेने पॉलिसी दिलेली असते, कोणी ओळखीच्या एजंटाकडून घेतलेली असते. गट विमा नोकरीबरोबर संपतो. नोकरी सोडताना त्याच कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत बदल करून घेण्याचा पर्याय असतो, तो वेळेत घ्यावा, कारण साठीनंतर नव्याने पॉलिसी घ्यायची तर हप्ता फार जड जातो. वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के वस्तू आणि सेवा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून रद्द झाला आहे, ही एक चांगली गोष्ट झाली.

पॉलिसी घेताना दोन ठिकाणी आमचे लोक फसतात. पहिले ठिकाण म्हणजे प्रस्तावाचा अर्ज. तो बहुधा एजंट भरतो आणि मधुमेह, रक्तदाब, पूर्वीची शस्त्रक्रिया यांच्यापुढे घाईघाईने नाही असे लिहितो. सही मात्र घेणाऱ्याची असते. पुढे दावा आला की कंपनी डॉक्टरांची जुनी चिठ्ठी शोधून काढते आणि आजार लपवला म्हणून दावा नाकारते. आजार खरा सांगितला तर फार तर प्रतीक्षा काळ लागतो, म्हणजे तेवढे दिवस त्या आजाराचा दावा मिळत नाही, आणि विमा नियामक प्राधिकरणाच्या २०२४ च्या नियमांनुसार तो ३६ महिन्यांपेक्षा जास्त असू शकत नाही. पॉलिसी सलग ६० महिने चालू राहिली की त्यानंतर फसवणूक सिद्ध झाल्याखेरीज माहिती दडवल्याच्या कारणाने दावा नाकारता येत नाही. म्हणून खरे सांगून तीन वर्षे थांबणे हे खोटे लिहून प्रत्येक आजारपणात धास्तावण्यापेक्षा केव्हाही चांगले. पॉलिसी हातात आल्यापासून ३० दिवसांत ती पटली नाही तर परत करता येते. त्या तीस दिवसांत घरातल्या शिकलेल्या मुलाने किंवा मुलीने ती पहिल्या पानापासून वाचावी.

दुसरे ठिकाण खोलीचे भाडे. समजा पॉलिसी ३ लाखांची आहे आणि खोलीचे भाडे दिवसाला विमा रकमेच्या १ टक्का, म्हणजे ३,००० रुपये, एवढेच मान्य आहे. रुग्णालयाने ६,००० रुपयांची खोली दिली आणि रुग्ण पाच दिवस राहिला. घरच्यांना वाटते की वरचे १५,००० आपण भरू. पण कंपनी म्हणते की तुम्ही हक्काच्या दुप्पट भाड्याची खोली घेतलीत, म्हणून डॉक्टर, शस्त्रक्रियागृह आणि शुश्रूषा यांच्या शुल्कातही आम्ही निम्मेच देऊ. ते शुल्क ८०,००० असेल तर आणखी ४०,००० रुपये घरच्यांच्या अंगावर येतात, आणि १५,००० चे ५५,००० होतात. औषधे, तपासण्या आणि शरीरात बसवायची साधने यांना ही प्रमाणशीर कपात लावता येत नाही, असे नियामकाने स्पष्ट केले आहे. बिलात तशी कपात दिसली तर हरकत घ्यावी. अशी अट असलेल्या पॉलिसीच्या माणसाने भरती होतानाच आपल्या मर्यादेतली खोली मागून घ्यावी. सगळ्या कंपन्यांत सारख्याच अटींची मिळणारी आरोग्य संजीवनी पॉलिसी एप्रिल २०२० पासून आहे. तिच्यातही खोलीला विमा रकमेच्या २ टक्के आणि जास्तीत जास्त ५,००० रुपये अशी मर्यादा आहे आणि प्रत्येक दाव्यातले ५ टक्के ग्राहकाने भरायचे असतात. ती साधी आणि समजण्याजोगी आहे, म्हणून पहिल्यांदा विमा घेणाऱ्याला मी तीच आधी पाहायला सांगतो.

रोकडरहित उपचाराच्या विनंतीवर कंपनीने एका तासात आणि रुग्णाला घरी सोडतानाच्या अंतिम बिलावर तीन तासांत निर्णय द्यायचा आहे. त्यापुढे उशीर झाला आणि त्यामुळे रुग्णालयाचा खर्च वाढला तर तो कंपनीने सोसायचा आहे. दावा नाकारला गेला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करावी. तीस दिवसांत समाधान झाले नाही तर विमा लोकपालाकडे जाता येते. त्याला शुल्क नाही, वकील लागत नाही आणि ५० लाखांपर्यंतच्या तक्रारी तो ऐकतो, मात्र कंपनीच्या नकारापासून एका वर्षाच्या आत तिथे जावे लागते. विदर्भाचे काम पुण्याच्या कार्यालयाकडे आहे, पण तक्रार संगणकावरून पाठवता येते, तेव्हा अंतराला घाबरून कोणी हक्क सोडू नये.

कागदपत्रांबद्दल थोडेच सांगतो. सर्वाधिक अडवणूक होते ती लग्न होऊन आलेल्या सुनांची आणि लहान मुलांची. सुनेचे नाव आधारावर माहेरचे, शिधापत्रिकेत ते चढवलेलेच नाही, मुलाचे नाव शिधापत्रिकेत नाही, आणि बाळंतपणात किंवा बाळ अत्यवस्थ असताना हे सारे उघडकीस येते. शिधापत्रिकेत नाव चढवण्याचे काम पेरणीच्या आधी, उन्हाळ्यात, हात मोकळे असताना करून घ्यावे. खासगी रुग्णालयांनी दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावणे २०२१ च्या सुधारित शुश्रूषागृह नियमांनी बंधनकारक आहे. ते वाचण्याची आणि नसेल तर विचारण्याची सवय आपल्याला लागली पाहिजे.

शासनाकडे माझ्या मागण्या मोठ्या खर्चाच्या नाहीत. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरच्या ग्रामसभांत त्या जिल्ह्यातल्या संलग्न रुग्णालयांची यादी विशेषज्ञतेसह वाचून दाखवावी आणि ती ग्रामपंचायत, प्राथमिक आरोग्य केंद्र व रेशन दुकान यांच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावावी. तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयातून रुग्णाला पुढे पाठवताना त्या चिठ्ठीवरच योजनेतल्या जवळच्या रुग्णालयाचे नाव लिहावे, कारण रात्री गाडीत बसलेल्या माणसाला यादी शोधण्याची उसंत नसते आणि गाडीवाला सांगेल तिकडे तो जातो. योजनेतून उपचार नाकारणाऱ्या रुग्णालयाला नकाराचे कारण लेखी द्यायला भाग पाडावे. आशाताईंना या विषयाचे नीट प्रशिक्षण आणि त्याचा मोबदला द्यावा. घरोघरी त्याच जातात आणि लोकांचा विश्वासही त्यांच्यावरच आहे.

आपल्याला विनंती अशी की आपल्या जिल्हा पानावर दर तीन महिन्यांनी, तालुकानिहाय आणि आजारनिहाय, अशी यादी छापावी. कोणत्या रुग्णालयात हृदय, कुठे मूत्रपिंड, कुठे कर्करोग, कुठे हाडे, आणि तिथला आरोग्यमित्र कोणत्या खिडकीशी बसतो, एवढे त्यात असले तरी पुष्कळ झाले. मान्यता बदलत राहतात, म्हणून ती दर वेळी नव्याने तपासावी लागेल. दारव्हा, दिग्रस, नेर आणि आर्णी या चार तालुक्यांसाठी हे काम करायला मी आणि माझे काही निवृत्त सहकारी तयार आहोत. आपण संमती कळवल्यास आरोग्यमित्रांकडून पडताळून घेतलेली पहिली यादी आपल्या यवतमाळ कार्यालयात आणून देऊ.

आपला विश्वासू,
एक निवृत्त शिक्षक,
ता. दारव्हा, जि. यवतमाळ